दक्षिणेला कमी, पश्चिमेला जास्त

महाराष्ट्रात काशीचा तुटवडा कधीच नव्हता. पैठण ही दक्षिण काशी आहे. पुणतांबं हीही दक्षिण काशी आहे. वाईकर आपल्या गावाला दक्षिण काशी म्हणवतात, आणि कोल्हापूरकरांशी तर या विषयावर चर्चा करायची नसते, ऐकून घ्यायचं असतं. महाराष्ट्राबाहेर पडलात तर कर्नाटकात नंजनगूड आहे, आणि तमिळनाडूतल्या तेनकाशीनं गावाच्या नावातच दक्षिण घालून टाकल्यामुळे तिथं वादाला जागाच नाही. या रांगेत नंदुरबार जिल्ह्यातलं, शहादा तालुक्यातलं, तापी-गोमाईच्या संगमावरचं प्रकाशाही उभं आहे, आणि आपण रांगेत उभे आहोत असं त्याला जराही वाटत नाही. खरी दक्षिण काशी कोणती असं इथल्या माणसाला विचारलं, तर तो बोलत नाही. पायाखालची जमीन दाखवतो.

नकाशा उघडून बघणाऱ्या चिकित्सक माणसाची इथं पंचाईत होते. काशीपासून प्रकाशा जितकं दक्षिणेला आहे, त्याच्या दुपटीहून जास्त पश्चिमेला आहे. म्हणजे हिशेबानं ही पश्चिम काशी व्हायला हवी. पण ती पदवी नाशिकनं आधीच लावून घेतलेली. नैर्ऋत्य काशी म्हणावं तर त्या दिशेचा मालक राक्षस. तिथं श्राद्धाला कोण येणार? तेव्हा दक्षिण तर दक्षिण. आणि गंमत अशी, की एकदा दक्षिण काशी म्हटलं की नकाशा घेऊन आलेला माणूससुद्धा घाटाच्या पहिल्या पायरीवर चप्पल काढतो. चप्पल काढण्याइतकं त्या पायरीत काय आहे, हे त्यानं अजून पाहिलेलंही नसतं.

आपली समजूत अशी की आधी डोळे बघतात आणि मग तोंड नाव ठेवतं. प्रकाशात उलटं चालतं. इतर गावांतही उलटंच चालत असेल, पण तिथं ते झाकून चालतं. प्रकाशात सगळं उघड्यावर आहे, नदीकाठी.

गावाच्या नावाचंच बघा. प्रकाशा या नावामुळे वार्ताहरांची कायमची सोय झालेली आहे. वीज गेली की ‘प्रकाशा अंधारात’. आली की ‘प्रकाशा पुन्हा प्रकाशात’. हा मथळा ज्याला सुचणार नाही तो वार्ताहर अजून जन्मायचा आहे. शेजारच्या गावात तेवढाच वेळ वीज जाते, तेवढेच डास चावतात, तेवढेच मोटारपंप बंद पडतात. पण त्या अंधाराला मथळा मिळत नाही, म्हणून तो अंधार कुणाला दिसत नाही. अंधार दिसायलाही नाव चांगलं लागतं.

माझे एक मामा मध्यंतरी काशी करून आले. मूळ काशी. काशीला गेलं की आवडीचा एखादा पदार्थ कायमचा सोडायचा असतो. मामांनी गिलकं सोडलं. गिलक्याची भाजी ताटात दिसली की मामा आधीही ताट सरकवायचे, आणि मामी त्याला ‘नखरे’ म्हणायची. आता त्याच ताट सरकवण्याला ‘त्याग’ म्हणतात. गिलकं तेच, ताट तेच, सरकवायचा कोनही तोच. फरक एवढाच की आता मामी स्वतः उठून त्यांच्यासाठी वेगळं भरीत करते आणि पाहुण्यांना सांगते, “यांनी काशीला गिलकं सोडलं.” पाहुणे मामांकडे अशा नजरेनं बघतात, की राज्य सोडलेल्या राजाकडेही कुणी बघत नसेल.

पण नुसती काशी करून भागत नाही, असं मामांना कुणीतरी सांगितलं. प्रकाशात पुष्पदंतेश्वराचं देऊळ आहे. पुष्पदंत म्हणजे ज्याच्या नावावर शिवमहिम्न स्तोत्र आहे तो गंधर्व. इकडची श्रद्धा अशी, की असं देऊळ प्रत्यक्ष काशीतही नाही. म्हणून काशी करून आलेल्यानं इथं येऊन उत्तरपूजा केली नाही, तर काशीचं पुण्य अपुरं राहतं. म्हणजे हुद्दा दक्षिण काशीचा, पण अधिकार मूळ काशीच्या वरचा. हेड ऑफिसनं मंजूर केलेली रक्कम शहादा तालुक्यातल्या शाखेचा शिक्का बसल्याशिवाय खात्यात जमा होत नाही. मला ही व्यवस्था फार आवडते. एरवी आमच्या तालुक्याच्या सहीसाठी कुणाचं काही अडल्याचं ऐकिवात नाही.

तर मामांचं पुण्य जमा करून घ्यायला आम्ही प्रकाशाला गेलो. वाटेत मामांनी सांगितलं, की गावात 108 महादेव आहेत. मी म्हटलं, “कुणी मोजले?” मामांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मीच गिलकं आहे. 108 हा आकडा मोजायचा नसतो. ‘शंभर-एक देवळं आहेत’ म्हटलं तर ऐकणारा विचारतो, नक्की किती? ‘108’ म्हटलं की हात जोडतो. गणितात मार्क कमी पडलेल्या माणसांनी केलेली ही गणिताची सर्वांत सुंदर सोय आहे.

नदीकाठच्या जुन्या टेकाडाची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. खानदेशात, आणि तसं बघितलं तर सगळ्या महाराष्ट्रातच, जमिनीचे दोन भाग: काळी आणि पांढरी. काळीत पिकवायचं आणि पांढरीत राहायचं. पिढ्यान्‌पिढ्या माणसं राहून, घरं पडून, चुली विझून, राख साचून जी माती फिकट होते ती पांढर. गाव उठून गेलं की मागे पांढरीचं टेकाड राहतं. या मातीचा उपयोग सगळ्यांना ठाऊक. आमच्याकडे धाब्याची घरं. वर सपाट मातीचं छप्पर. पावसाळ्याआधी त्यावर चिकण, खारी माती टाकून चोपायची. तेव्हा बैलगाडी जुंपायची, जिथं अशी माती असेल तिथून भरायची आणि धाब्यावर पसरायची. त्यात मधूनमधून रंगीत खापरं निघायची. ती वेचून बाजूला फेकायची, कारण खापरानं धाबं गळतं.

आणि मग 1955 च्या सुमारास भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे बी. के. थापर प्रकाशात आले. त्यांनी टेकाडात खड्डा घेतला. गावाच्या हिशेबानं तो खड्डाच. त्यांच्या हिशेबानं तो ‘उत्खननाचा चर’. ज्या खापरांनी धाबं गळत होतं त्यांना ते ‘मृद्‌भांड्यांचे अवशेष’ म्हणाले. मातीला ‘थर’ म्हणाले, थरांचे चार कालखंड पाडले, आणि सगळ्यात खालच्या कालखंडाला नाव दिलं ताम्रपाषाणयुग. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी या काठावर माणसं राहत होती, चित्रं काढलेल्या भांड्यांत शिजवत होती, असं सिद्ध झालं. अहवालही छापून आला, ‘एन्शंट इंडिया’च्या 1964-65 च्या अंकात. त्यात गावाचं नाव ‘प्रकाश’ असं आहे. विद्वानांनी शेवटचा काना कापला, पण आधीची साडेतीन हजार वर्षं जोडून दिली, तेव्हा व्यवहार वाईट नाही.

जिथं खापर म्हणून लाथाडलं तिथंच अवशेष म्हणून ब्रश फिरवला गेला. नियम धाब्यावर बसवणारी माणसं सगळीकडे असतात. आमच्या खानदेशात इतिहास अक्षरशः धाब्यावर बसवलेला आहे, आणि तो वर चोपून बसवलाय म्हणून खाली आम्ही कोरडे राहिलो. मला यात बैलगाडीवाल्याची चूक दिसत नाही. त्याला कुणी ‘अवशेष’ हा शब्द दिलाच नव्हता. त्याच्याकडे एकच शब्द होता, माती, आणि मातीचं जे करायचं असतं ते त्यानं नीट केलं.

घाटावर पोचलो तेव्हा उन्हं चढली होती. बॅरेजमुळे तापीचं पाणी इथं भरून थांबलेलं असतं. लांबून सरोवर वाटावं असं. मामा पूजेच्या तयारीला लागले आणि मी पायरीवर बसलो. शेजारी एक पांढरी मोटार येऊन थांबली. तिच्यातून एक सद्‌गृहस्थ उतरले, हातात फुगलेली काळी पिशवी. घाटावर पाटी आहे, निर्माल्य पाण्यात टाकू नये म्हणून. गृहस्थांनी पाटी वाचली, पाटीला पाठ केली आणि पिशवीची गाठ सोडायला लागले. मी फार नम्रपणे म्हटलं, “काका, कचरा पाण्यात नका टाकू.”

ते चमकले. त्यांना खरंच वाईट वाटलं. “कचरा? अहो, निर्माल्य आहे हे!”

“आणि पिशवी?”

“पिशवीत निर्माल्यच आहे ना.”

पिशवी सुटली. मी वाकून पाहिलं. सुकलेले हार होते, ते ठीक. अगरबत्तीचे रिकामे पुडे होते. समईच्या तेलाची प्लॅस्टिकची बाटली होती. तडकलेल्या काचेची एक तसबीर होती, नारळाच्या शेंड्या होत्या, आणि गेल्या वर्षीचं एक कॅलेंडर होतं. कॅलेंडर का, तर त्यावर दत्ताचं चित्र होतं. पानाच्या दुसऱ्या अंगाला दुधाचे खाडे मांडलेले होते: 4 तारखेला अर्धा लिटर, 11 ला नाही, 17 ला पाहुणे म्हणून दोन. ते सगळे खाडे दत्ताच्या पुण्याईनं तापीला मिळाले. काका पाण्याला हात जोडून, मन हलकं करून निघून गेले. ते दुष्ट नव्हते, आणि अडाणी तर मुळीच नव्हते. याच माणसानं मोटारीत केळ्याचं साल रस्त्यावर टाकणाऱ्या नातवाला दटावलं असणार. पण सालाला ‘कचरा’ म्हणतात आणि तेलाच्या बाटलीला, देवापुढे राहिली म्हणून, ‘निर्माल्य’. जे निर्माल्य आहे ते घाण करूच शकत नाही, मग नदी काळी पडो की हिरवी.

तापीला तसं आपलं येणंही अपेक्षित नाही, ही आणखी गंमत. जुन्या लोकांनी नद्यांचे दर ठरवून दिलेले आहेत. गंगेत बुडी मारावी लागते, नर्मदेचं नुसतं दर्शन पुरतं, आणि तापीचं तर नुसतं स्मरण केलं तरी पाप जातं. सूर्यकन्येनं इतकी सवलत दिलेली असताना माणसं तेलाची बाटली घेऊन मुद्दाम का येतात, कळत नाही. घरी बसून आठवण काढली असती तर पुण्य तेवढंच मिळालं असतं आणि नदी स्वच्छ राहिली असती.

या काकांवरून मला अमेरिकेतल्या एका गृहस्थांची आठवण झाली. बेंजामिन ली व्हॉर्फ. भाषाशास्त्रात हे नाव फार मोठं. माणूस जे बोलतो त्याच्या साच्यातच विचार करतो, या मताचे ते मोठे पुरस्कर्ते. पण पोटापाण्याला ते हार्टफर्ड शहरात आगीच्या विम्याच्या कंपनीत होते, आणि त्यांचं काम कुठं, कशानं आग लागली हे तपासायचं. तपासता तपासता त्यांच्या लक्षात आलं, की पेट्रोलची भरलेली पिंपं जिथं ठेवलेली असतात तिथं माणसं जपून वागतात, आणि ‘रिकामी पिंपं’ ठेवलेली असतात तिथं खुशाल सिगारेट ओढतात. वास्तविक रिकामं पिंप जास्त धोक्याचं. त्यात वाफ कोंडलेली असते आणि ती भडकते. पण ‘रिकामं’ हा शब्द ऐकला की माणूस निर्धास्त होतो. आग पिंपाला नंतर लागते, आधी शब्दाला. व्हॉर्फसाहेबांच्या पुढच्या काही मोठ्या दाव्यांवर नंतरच्या विद्वानांनी बरंच पाणी ओतलं. पिंपांच्या निरीक्षणाला मात्र कुणी हात लावल्याचं मला ठाऊक नाही. लावून बघायचाच असेल तर सिगारेट बाहेर ठेवून लावावा.

आमच्याकडे पेट्रोलऐवजी पाणी आहे. वर भुसावळ तालुक्यात हतनूर धरण, 41 दरवाजांचं. पूर्वी तापीला पूर यायचा. हल्ली पूर येत नाही, ‘विसर्ग’ होतो. शाळेत आम्हाला विसर्ग म्हणजे ‘दुःख’ या शब्दातली दोन टिंबं एवढंच ठाऊक होतं. ती टिंबं काढून सरकारनं नदीत सोडली. ‘हतनूर धरणातून अमुक हजार क्युसेक इतका विसर्ग सुरू असून नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे’ असं भोंग्यावर पुकारतात, आणि माणसं शांतपणे चहा पितात. ‘पूर ऊना!’ असं एकानं ओरडू द्या, बघा गोठ्यातली म्हैस किती वेगानं टेकडीवर पोचते. एका म्हातारीनं असंच पुकारणाऱ्या पोराला थांबवून विचारलेलं मी ऐकलंय: “तुन्हं क्युसेक राहू दे भाऊ. पानी पायरीले लागी का देऊळले?” माझ्या मते पूरनियंत्रणाचं सगळं शास्त्र या प्रश्नात बसतं. पोराला उत्तर देता आलं नाही. त्याच्या कागदावर देऊळ हे एकक नव्हतं.

आता कुणी म्हणेल, शब्दांनी डोळ्यांवर पडदा टाकायचा उद्योग सरकारनं सुरू केला. मुळीच नाही. तो उद्योग आपल्या स्वयंपाकघरात आधीपासून आहे. आमच्या मामीसमोर ‘तांदूळ संपले’ म्हणायची कुणाची हिंमत नाही. डबा उपडा केला तरी तांदूळ संपत नाहीत, तांदूळ ‘वाढतात’. बांगडी फुटत नाही, वाढते. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. लहानपणी मी एकदा संध्याकाळी किराणा आणायला गेलो आणि दुकानदार म्हणाला, “दुकान वाढवलं रे आता.” मी फळीपाशी उभा राहून बराच वेळ बघत होतो, की कोणत्या बाजूनं वाढलं. ‘जातो’ म्हणायचं नाही, ‘येतो’ म्हणायचं; मग तो माणूस पुन्हा कधी न आला तरी चालेल, किंबहुना काहींच्या बाबतीत तेच बरं. साप निघाला तर रात्री त्याचं नाव घ्यायचं नाही, ‘लांबडं’ निघालं म्हणायचं. अंगावर फोड उठले तर रोग झाला म्हणायचं नाही, देवी आल्या म्हणायचं. आणि माणूस तर आपल्याकडे मरतच नाही. वारतो, जातो, देवाघरी जातो, शहरात असेल तर ‘ऑफ’ होतो.

या शब्दांचा मला राग येत नाही. मामीला चांगलं ठाऊक असतं की डबा रिकामा आहे. ती लगेच पिशवी देऊन दुकानात पिटाळते. तिचा शब्द डब्याकडे बघायला घाबरत नाही, फक्त डब्याचा अपमान करत नाही. मामीचे शब्द घरातल्या माणसांसाठी आहेत. आणखी एका प्रकारचे शब्द असतात, ते कागदासाठी असतात. दोन्ही गोड लागतात, पण दुसऱ्या प्रकारात पिशवी देऊन कुणी पिटाळत नाही.

प्रकाशाचं घर एकाच जागी आहे, पण त्याचा पत्ता बघा. 1906 साली इंग्रजांनी खानदेशचे दोन तुकडे केले तेव्हा ते पश्चिम खानदेशात गेलं. पुढे जिल्ह्याचं नाव धुळे झालं. मग 1 जुलै 1998 ला नंदुरबार जिल्हा वेगळा झाला आणि रात्री धुळेकर म्हणून झोपलेली माणसं सकाळी नंदुरबारकर म्हणून उठली. तोपर्यंत ठीक होतं. धुळ्याच्या फेऱ्या वाचल्या. नंदुरबारला सगळे ‘मागास जिल्हा’ म्हणत. हा शब्द काही कानाला गोड नाही, पण त्याचा एक गुण होता: तो उच्चारताना मंत्र्यालाही थोडं खाली बघावं लागायचं. 2018 च्या जानेवारीत देशातल्या शंभरावर जिल्ह्यांना नवं नाव मिळालं. महाराष्ट्रातले चार: नंदुरबार, वाशिम, गडचिरोली आणि तेव्हाचं उस्मानाबाद. हे जिल्हे आता मागास राहिले नाहीत, ‘आकांक्षित’ झाले. सातपुड्यातल्या पाड्यावर जाणारा रस्ता होता तिथंच होता, म्हणजे नव्हता. पण आता त्या नसलेल्या रस्त्यावरून चालणारा माणूस आकांक्षेनं चालायला लागला. ‘मागास’ म्हटलं की प्रश्न पडतो, कुणामुळे? ‘आकांक्षित’ म्हटलं की वाटतं, वा, उत्साही दिसताहेत. या नावामागच्या योजनेत कामं झाली नाहीत असं मी म्हणत नाही. मला शब्दाशी भांडायचंय. ज्यानं तो शोधला त्याला मामीच्या स्वयंपाकघरात नोकरी मिळाली नसती.

तीच गत भुकेची. पूर्वी पोर ‘उपाशी’ असायचं. मग ते ‘कुपोषित’ झालं. उपाशी म्हटलं की भाकरी आठवते, कुपोषित म्हटलं की अहवाल आठवतो. त्यानंतर अंगणवाडीच्या रजिस्टरात दोन नवी नावं आली: सॅम आणि मॅम. सॅम म्हणजे तीव्र, मॅम म्हणजे मध्यम. इंग्रजी आद्याक्षरांची ही जोडगोळी. आता सॅम म्हटलं की डोळ्यांपुढे एखादा गुबगुबीत, गोरा, टोपी घातलेला मुलगा उभा राहतो, आणि मॅम म्हणजे तर इंग्रजी शाळेतली बाई. ज्यांना ताजं दूध मिळत नाही अशा पोरांना ही नावं कुणी मुद्दाम दिली नसतील. पण मुद्दाम द्यायची ठरवली असती तरी याहून सोयीची सापडली नसती.

आणि आमच्याच शहादा तालुक्यातलं टेंभली विसरून चालणार नाही. 29 सप्टेंबर 2010 रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी तिथं आले आणि देशातलं पहिलं आधार कार्ड तिथं दिलं गेलं. ‘ओळखपत्र’ हा शब्द कोरडा होता. ‘आधार’ म्हटल्यावर माणसं रांगेत उभी राहिली. आधार कुणाला नको असतो? तेव्हापासून आमच्या भागातली वाक्यं फार करुण झाली आहेत. “आजोबांचा आधार हरवला” असं ऐकलं की पूर्वी माणसं डोळ्यांना पदर लावायची. आता विचारतात, झेरॉक्स आहे का? “माझा आधार बँकेशी जोडलाय”, “तिचा आधार चालत नाही”, “त्यांच्या आधारात जन्मसाल चुकलंय.” शेतात आयुष्य घासून ज्यांच्या बोटांच्या रेषा पुसल्या, त्यांना यंत्र सांगतं, ठसा जुळत नाही. त्यांचा हात धरून घरी आणायला शेवटी मुलगाच लागतो. त्याला मात्र आपण आता नुसता ‘नॉमिनी’ म्हणतो.

मामांची पूजा झाली. गुरुजींनी दक्षिणेचं विचारल्यावर म्हटलं, “यथाशक्ती.” ‘यथाशक्ती’ इतका धाक दुसऱ्या कोणत्याही दरपत्रकाला नाही. दर लिहिला असता तर मामांनी घासाघीस केली असती. पण यथाशक्ती म्हटल्यावर प्रश्न पैशाचा राहत नाही, शक्तीचा होतो. मामांनी खिशात हात घातला, एक नोट चाचपली, गुरुजींकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि दुसरी नोट काढली. शाखेचा शिक्का बसला.

परतीला चौफुलीवर काळी-पिवळी उभी होती. “शहादा, शहादा! गाडी रिकामी शे!” ड्रायव्हर ओरडत होता. आत आठजण बसले होते. व्हॉर्फसाहेबांचं पिंप मला तिथं आठवलं आणि मी जपून चढलो. काळी-पिवळीत माणसं नसतात, ‘शीट’ असतात. पुढे चार शीट, मधे पाच शीट, मागे जितकी मावतील तितकी शीट. शिक्षक असो, सरपंच असो, चढताना शीट आणि उतरताना माणूस. यात एक मोठा समभाव आहे हे मान्य करायला हवं. फक्त मामांच्या बाबतीत ड्रायव्हर अडखळला. त्यानं त्यांना खांद्यापासून खांद्यापर्यंत न्याहाळलं.

“आबा, तुम्ही दीड शीट शेतस.”

“अरे, आत्ताच उत्तरपूजा करून येतोय,” मामा म्हणाले. “काशी केलीय मी. खरी काशी.”

“मंग बठा ना. काशीवाला बी दीड शीट.”

मामा बसले. भाडं दिडीचं की एकाचं यावर वाद चालू असतानाच एक बाई चढली. कडेवर पोर, डोक्यावर पाटी. पोर तिनं स्वतःच्या मांडीवर घेतलं. मांडीवरचं पोर शीटमध्ये धरत नाहीत. पाटी ठेवायला कुठं जागा नव्हती, म्हणून ती तिनं मामांच्या मांडीवर ठेवली. दीड शीटवर मावते, असा तिचा हिशेब असावा. वरचं फडकं सरकलं. हिरवीगार, ताजी गिलकी होती.

“बाई, मी गिलकं सोडलंय,” मामा कळवळून म्हणाले.

“खावाले कोन सांगस, आबा?” बाई म्हणाली. “धरा फक्त.”